हिवाळा सरताना फीडरवर येणारे पक्षी

(न्यू जर्सीतल्या मराठी श्रोत्यांसमोर फेब्रुवारीत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत.)

बाहेर पार्किंग लॉटमध्ये बर्फाचे ढीग असताना तुम्ही एवढ्या संख्येने आलात, आणि तेही पक्ष्यांबद्दल ऐकायला. म्हणजे चहाबरोबर बटाटेवडे आहेत ही बातमी पसरलेली दिसते. (हशा)

आजचा विषय तसा घरगुती आहे. मागच्या दारी, डेकवर किंवा खिडकीबाहेर आपण दाण्यांचा फीडर टांगतो. हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे फेब्रुवारीपासून मार्चअखेरपर्यंत, त्यावर कोण येतं, आल्यावर काय करतं, आणि आपण दाणे घालतो त्याने त्यांचं भलं होतं की नुकसान, एवढंच आज बघायचं. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. पाखरांना दाणा घातला की पुण्य लागतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे नुकसान हा शब्द काढला की लोक जरा दुखावतात. पण तो काढावा लागेल.

आधी हिवाळ्याचा शेवटच का निवडला ते सांगतो. डिसेंबरात थंडी असते, पण झाडाझुडपांवर फळं असतात, गवताच्या वाळक्या तुऱ्यांत बी असतं, सालीखाली किड्यांची अंडी आणि कोश असतात. फेब्रुवारीपर्यंत यातलं बरंचसं खाऊन संपलेलं असतं. नवे किडे यायला अजून वेळ असतो. त्यात एखादं बर्फाचं वादळ येतं आणि फांद्यांवर काचेसारखा थर चढतो. मग सालीखालचा किडा दिसला तरी चोच तिथपर्यंत जात नाही. आपल्याकडे जुन्या काळी शेतकऱ्याच्या घरात पावसाळ्याच्या तोंडाशी कणगी रिकामी व्हायची ना, तसा हा पक्ष्यांचा कणगी रिकामी होण्याचा काळ.

आता एक पक्षी जरा सविस्तर बघू, कारण तो समजला की बाकीचं निम्मं समजतं. चिकडी. काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल, आणि सगळ्यांत आधी फीडरवर येणारा. वजन दहा ते बारा ग्रॅम. खिशातली दोन क्वार्टरची नाणी हातात घेऊन बघा, एवढाच तो. हा पक्षी थंडीत दक्षिणेला जात नाही. उणे वीस सेल्सिअसच्या रात्री तो झाडाच्या एखाद्या ढोलीत किंवा दाट फांद्यांत बसून काढतो. त्याच्या शरीराचं दिवसाचं तापमान ४२ अंशांच्या आसपास. एवढ्याशा देहात एवढी आग रात्रभर पेटती ठेवायची तर सरपण किती लागेल! म्हणून रात्री तो ती आग मंद करतो. शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली आणतो, तरीही दिवसभरात साठवलेली बहुतेक चरबी सकाळपर्यंत संपलेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून सुरुवात. रोज कमवायचं, रोज खायचं, शिल्लक काही नाही.

शिल्लक अगदीच नाही असंही नाही. चिकडी साठा करतो. तुमच्या फीडरवर तो येतो, एक सूर्यफुलाचं बी उचलतो आणि लगेच उडून जातो, हे तुम्ही पाहिलं असेल. कधी तो ते फांदीवर पायाखाली दाबून चोचीने फोडून खातो. पण बऱ्याचदा ते सालीच्या फटीत, शेवाळाखाली, वाळक्या पानांच्या गुंडाळीत लपवतो. एका जागी एकच बी. अशा शेकडो जागा. आणि त्या त्याला आठवतात. प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा २८ दिवसांनंतरही चिकडींना बी कुठे ठेवलंय ते आठवत होतं. असा साठा करणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत जागा लक्षात ठेवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग साठा न करणाऱ्या नातेवाइकांपेक्षा मोठा असतो. गाडीची किल्ली कुठे ठेवली हे रोज बायकोला विचारणाऱ्यांनी यातून काय बोध घ्यायचा तो घ्यावा. (हशा)

त्याचं नाव त्याच्या ओरडण्यावरून पडलं आहे. चिक-अ-डी-डी-डी. यातले शेवटचे 'डी' किती, याला अर्थ आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बसलेला शिकारी जितका जास्त धोक्याचा, तितके 'डी' जास्त. मोठं घुबड असेल तर कमी, कारण ते चपळ चिकडीच्या मागे लागून फारसं काही साधत नाही. छोटं पिग्मी घुबड असेल तर भरपूर. आजूबाजूचे इतर पक्षीही हे ऐकतात. म्हणून हिवाळ्यात रानातून फिरताना चिकडीचा आवाज आला की थांबावं. त्याच्या टोळीबरोबर डाउनी सुतार, नटहॅच, टिटमाउस असे तीन-चार जातींचे सोबती हमखास असतात. ज्याच्याकडे पहारेकरी चांगला, त्याच्या मागे सगळे.

एक स्थानिक गंमत. आपल्या न्यू जर्सीत चिकडी दोन जातींचे आहेत. उत्तरेत ब्लॅक-कॅप्ड, दक्षिणेत कॅरोलायना. दिसायला जवळजवळ सारखे. दोघांच्या प्रदेशांमधली सीमा आपल्या राज्याच्या मधून जाते, आणि सीमेवर त्यांची सोयरीकही होते. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात झालेल्या अभ्यासात असं आढळलं की हिवाळे सौम्य होत चाललेत तसा हा मिश्र पट्टा उत्तरेला सरकतोय, वर्षाला साधारण एक किलोमीटरपेक्षा जास्त. म्हणजे एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांनी आपला चिकडी नेमका कोणता, यावर पैज लावू नये.

बाकीच्या मंडळींची ओळख पटकन करून देतो. झाडाच्या खोडावर डोकं खाली करून उतरतो तो नटहॅच. त्याचा मखमली निळा भाऊबंद सह्याद्रीच्या जंगलात दिसतो. काळापांढरा छोटा सुतार तो डाउनी, आणि हुबेहूब तसाच पण थोराड, डोक्याएवढ्या लांब चोचीचा तो हेअरी. डोक्याच्या मागे लाल ठिपका असला की नर. जमिनीवर पडलेले दाणे टिपणारे पाटीच्या रंगाचे, पांढऱ्या पोटाचे जंको. ते कॅनडातल्या जंगलांतून वगैरे हिवाळ्यासाठी इकडे आलेले असतात, एप्रिलपर्यंत निघून जातात. आणि चिमणी? ती आपलीच, घरची. १८५० च्या दशकात युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडली, ती इथे पसरली. आपल्यासारखीच स्थलांतरित, पण व्हिसाची भानगड नव्हती. (हशा)

फेब्रुवारीच्या मध्यानंतर फीडरवर काही बदल दिसू लागतात, त्यासाठी कॅलेंडर बाजूला ठेवून नीट बघावं. डिसेंबरच्या एकवीस तारखेला आपल्याकडे दिवस सव्वानऊ तासांचा असतो, फेब्रुवारीअखेर तो सव्वाअकरा तासांचा होतो. थर्मामीटर काहीही सांगो, पक्षी बघतात ते उजेडाकडे. बाहेर गुडघाभर बर्फ असतानाही चिकडी एक वेगळाच, दोन सुरांचा शीळ घातल्यासारखा आवाज काढू लागतो. पहिला सूर वरचा, दुसरा खालचा. ते त्याचं गाणं. 'डी-डी' ही टोळीतली बोलचाल, आणि हे गाणं म्हणजे जागेवर हक्क सांगणं. लाल कार्डिनल नर हिवाळाभर फीडरवर मादीला हाकलत असतो, तोच आता बी सोलून तिच्या चोचीत देताना दिसतो. डाउनी सुतार वाळक्या फांदीवर ढोलकी वाजवतो. गोल्डफिंच मळकट हिरवट-तपकिरी असतो, त्याच्या गळ्यावर पिवळे डाग उमटू लागतात, कारण तो वर्षातून दोनदा पिसं बदलतो. मार्चच्या सुरुवातीला दलदलीच्या कडेला रेडविंग ब्लॅकबर्डचा आवाज आला की समजायचं, पहिली गाडी स्टेशनात शिरली.

आता दाण्यांकडे येऊ. इथे आपल्याला, म्हणजे मराठी माणसाला, घरबसल्या थोडी जास्त माहिती आहे. दुकानात 'नायजर' किंवा चुकीने 'थिसल' म्हणून जे बारीक काळं, लांबट बी मिळतं आणि गोल्डफिंच ज्याच्यावर तुटून पडतात, ते काय आहे? कारळे. खुरासणी. ज्याची आपण चटणी करतो तेच. थिसलशी त्याचा काही संबंध नाही. इथे येणारं हे बी मुख्यतः इथिओपिया, भारत आणि म्यानमारमधून येतं. बंदरावर येताना ते उष्णता देऊन निर्जीव करावं लागतं, कारण त्यात अमरवेलीसारख्या तणाचं बी मिसळलेलं असू शकतं. त्यामुळे फीडरखाली सांडलेले कारळे सहसा उगवत नाहीत. महाग असतात, लवकर खवट होतात आणि ओले झाले की बुरशी धरतात. खवट कारळ्याची चटणी तुम्ही खाणार नाही, गोल्डफिंचही खात नाही. फीडर भरलेला आहे आणि कोणी फिरकत नाही असं झालं तर आधी दाण्यांचा वास घेऊन बघा.

स्वस्त मिश्रणाच्या पिशवीत लालसर गोल दाणे भरपूर असतात, पिशवीवर 'मायलो' लिहिलेलं असतं. ती ज्वारी. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले पक्षी, तिथले क्वेल वगैरे, ज्वारी आवडीने खातात. आपल्या पूर्वेकडचे बहुतेक पक्षी मात्र चोचीने ती खाली उडवून देतात आणि सूर्यफूल शोधतात. खाली सांडलेल्या ज्वारीवर पोसतात ते उंदीर. माझं मत विचाराल तर मिश्रण घेऊच नये. पातळ सालीचं काळं सूर्यफूल घ्यावं, जंको आणि होल्यांसाठी वरईच्या जातीचा पांढरा बारीक दाणा थोडा जमिनीवर टाकावा, बस. सुतार पक्ष्यांसाठी चरबीची वडी मिळते, ती बहुधा गाईच्या चरबीची असते. बऱ्याच घरांत ती हाताळणं नको वाटतं. काही अडत नाही. बिनमिठाचे सोललेले शेंगदाणे जाळीत भरून टांगा, डाउनी येतो.

आता तो अवघड प्रश्न. याने भलं होतं का?

विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅनली टेंपल या दोन संशोधकांनी १९८० च्या दशकात चिकडींवर काम केलं. पायात कडी घालून ओळखता येतील असे पक्षी, काही ठिकाणी फीडर, काही ठिकाणी नाही. १९८८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे असे: फीडर असलेल्या भागात हिवाळा पार करणारे ६९ टक्के, नसलेल्या भागात ३७ टक्के. आणि हा फरक पडत होता तो मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या काळात. सौम्य हवेत फारसा नाही.

मग लगेच दुसरी शंका येते. आपण सवय लावतो आणि मार्चमध्ये दोन आठवडे भारतात जातो. फीडर रिकामा. पक्षी मरतील का? हेही त्या दोघांनी तपासलं. जिथे पंचवीस वर्षं दाणे घातले जात होते तिथले फीडर काढून घेतले आणि जिथे कधीच फीडर नव्हते तिथल्या चिकडींशी तुलना केली. जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. चिकडी फीडरवर येत असले तरी दिवसाच्या ऊर्जेचा साधारण पाचवा भागच तिथून घेत होते, बाकी रानातून. तेव्हा खुशाल जा भारतात. आपण त्यांचे अन्नदाते आहोत ही समजूत आपल्याला बरी वाटते, पण चिकडीच्या हिशेबात आपण अनेक झाडांपैकी एक झाड आहोत.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता दुसरी बाजू. मघाशी म्हटलं, चिकडी बी उचलतो आणि जातो. नटहॅचही तसाच. पण फिंच जातीचे पक्षी तसं करत नाहीत. त्यांची चोच तिथेच बी फोडायला बनलेली आहे, त्यामुळे ते फीडरच्या दांडीवर ठाण मांडून बसतात आणि खात राहतात. पंगतीत पहिला बसून शेवटपर्यंत न उठणारा पाहुणा असतो ना, तसे. एकाच भोकात डोकं घालायचं, त्याच्या कडांना डोळे आणि चोच घासायची, मग त्याच जागी दुसरा.

हाउस फिंच हा मूळचा पश्चिमेकडचा पक्षी. तिकडून पकडून न्यूयॉर्कमध्ये पिंजऱ्यातला पक्षी म्हणून विकायचे. ते बेकायदेशीर असल्याचं अंगाशी येतंय म्हटल्यावर १९४० च्या सुमारास लाँग आयलंडवर काही पक्षी सोडून दिले गेले. त्या मूठभर पक्ष्यांची पिल्लावळ पन्नास वर्षांत सगळ्या पूर्व अमेरिकेत पसरली. आणि १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन डीसीच्या आसपास लोकांना फीडरवर सुजलेल्या, चिकट डोळ्यांचे हाउस फिंच दिसायला लागले. कोंबड्यांमध्ये आढळणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू त्यांच्यात शिरला होता. काही वर्षांत पूर्वेच्या मोठ्या भागात त्यांची संख्या निम्म्यावर आली. पक्षी सहसा जंतूने थेट मरत नाही. डोळे मिटतात, दाणा दिसत नाही, शिकारी दिसत नाही, आणि तो उपाशी मरतो किंवा मारला जातो. पुढे प्रयोगांतून कळलं की टोळीतला जो पक्षी फीडरवर जास्त वेळ काढतो, त्याच्यामुळे रोग जास्त पसरतो, आणि फीडरची दाटी जितकी जास्त तितका तो वेगाने पसरतो. ब्रिटनमध्येही असंच झालं. २००५ नंतर ट्रायकोमोनास या परजीवीने तिथल्या ग्रीनफिंचला धरलं, आणि बागेत सर्रास दिसणारा हा पक्षी २०२१ साली तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला.

मग फीडर काढून टाकायचा का? मी काढलेला नाही. पण माझं म्हणणं असं आहे की फीडर टांगणं आणि फीडर धुणं हे एकच काम आहे, त्याचा अर्धाच भाग करायचा असेल तर करू नये. दोन आठवड्यांतून एकदा, आणि फिंच खूप येत असतील तर त्याहून लवकर, फीडर रिकामा करायचा, साबणाने घासायचा, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून त्यात दहा मिनिटं बुडवायचा, स्वच्छ धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. ओला भरायचा नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये हे करू नका, कारण साल्मोनेलासारखा जंतू माणसालाही त्रास देतो. खाली साचलेला फोलपटांचा थरही उचला, जंकोंची ती पंगत असते. आणि एकही पक्षी डोळे सुजलेला, पिसं फुगवून, जवळ गेलं तरी न उडणारा दिसला, तर फीडर उतरवून दोन आठवडे घरात ठेवा. भर फेब्रुवारीत जिवावर येतं. पण आत्ताच ऐकलंत, निरोगी चिकडीचं तुमच्यावाचून अडत नाही.

दुसरा धोका काचेचा. अमेरिकेत दर वर्षी काचेवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अंदाज ३६ कोटींपासून ९९ कोटींपर्यंत आहे. आपल्या डोळ्यांसमोर मॅनहॅटनचे टॉवर येतात. त्याच अभ्यासाप्रमाणे उंच टॉवरचा वाटा एक टक्क्याहून कमी, आणि एक ते तीन मजली घरांचा वाटा ४४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुमचं-माझं घर. फीडर खिडकीपासून पाच-सात मीटरवर असेल तर ती सगळ्यांत वाईट जागा. ससाणा आला की पक्षी उधळतात आणि पूर्ण वेगाने काचेत दिसणाऱ्या आकाशात शिरतात. फीडर काचेच्या अगदी जवळ, तीन फुटांच्या आत आणा, म्हणजे वेग यायच्या आत काच लागते, किंवा तीस फुटांच्या पलीकडे न्या. काचेवर बाहेरून ठिपके लावा, दर दोन इंचांवर एक. एकुलतं एक ससाण्याचं स्टिकर चिकटवून काही होत नाही, पक्षी ते टाळून बाजूच्या काचेवर आपटतो. आमच्या घरी मुलीने पांढऱ्या ऑइल पेंटच्या पेनने ठिपक्यांची रांगोळी काढली आहे, ती दोन हिवाळे टिकली.

आता मोजणीबद्दल थोडंसं, कारण नुसतं बघण्यातून काही उपयोगाचं करायचं असेल तर हा मार्ग आहे. कॅनडात ओंटारिओमध्ये १९७६ साली लोकांनी आपापल्या फीडरवरचे पक्षी मोजून कळवायला सुरुवात केली. त्यातून पुढे १९८७ च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेसोबत प्रोजेक्ट फीडरवॉच उभा राहिला. नोव्हेंबर ते एप्रिल चालतो. त्याचा मोजण्याचा नियम बघा, फार हुशार आहे. दिवसभरात किती चिकडी आले ते लिहायचं नाही. एका नजरेत एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले ते लिहायचं. कारण बी उचलून पळणारा एकच चिकडी तासाभरात चाळीस फेऱ्या मारेल आणि तुम्ही चाळीस लिहाल. हाउस फिंचचा डोळ्यांचा रोग कुठून कुठे गेला याचा नकाशाही अशाच घरोघरच्या नोंदींतून तयार झाला.

आणि याच महिन्यात चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. १९९८ ला इथे सुरू झाला, २०१३ पासून जगभर. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून मोजायचं. भारतातही हजारो लोक यात असतात, कॉलेजांच्या आवारांत मोजण्या होतात. तिकडे तुमची भाची पुण्यात बुलबुल आणि शिंजीर मोजत असते, इकडे तुम्ही जंको मोजा, दोन्ही याद्या त्याच ठिकाणी जमा होतात. या मोजण्यांना वजन आहे. २०१९ साली अनेक मोजण्या एकत्र करून काढलेला हिशेब सांगतो की १९७० पासून उत्तर अमेरिकेतून जवळजवळ २९० कोटी पक्षी कमी झाले, चारातला एकाहून जास्त. त्यात दुर्मीळ पक्षी थोडेच. जंकोसारखा, रोज पायाखाली येणारा पक्षीच सोळा-सतरा कोटींनी घटलाय.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: आम्ही उरलेला भात आणि पोळीचे तुकडे टाकतो. चालेल का?

टाकू नका. थंडीत पक्ष्याला चरबी हवी, पोळीने पोट भरतं पण रात्र निघत नाही. शिवाय आपल्या भातात-पोळीत मीठ असतं, आणि डेकखाली उंदीर जमतात. शेजारी तक्रार करतात ती पक्ष्यांची नसते, उंदरांची असते.

प्रश्न: आमच्या फीडरवर एक ससाणा येऊन होला घेऊन गेला. मुलं रडली. त्याला कसं हाकलायचं?

तो बहुधा कूपर्स हॉक, आपल्या शिक्र्याचा नातेवाईक. हाकलू नये, कायद्यानेही त्याला त्रास देता येत नाही. त्यालाही फेब्रुवारीच आहे. रोजच येऊ लागला तर फीडर चार-पाच दिवस उतरवा, तो दुसरीकडे जाईल. आणि मुलांना एक दाखवा: तो आसपास असला की डाउनी सुतार खोडाला चिकटून दगडासारखा स्तब्ध होतो, दहा-दहा मिनिटं. अख्खं अंगण गप्प झालं की वर बघायचं.

प्रश्न: फीडर उन्हाळ्यातही ठेवावा का?

उन्हाळ्यात गरज नसते. पिल्लांना किडे लागतात, ते फीडरमध्ये नाहीत. तुमच्याकडे अस्वलं येत असतील, ससेक्स, वॉरेन, पसेइक, मॉरिस या बाजूला, तर तुमचा निर्णय मार्चमध्येच होतो. अस्वल झोपेतून उठतं तेव्हा उपाशी असतं आणि सूर्यफुलाचा वास त्याला लांबून येतो. रात्री फीडर आत घेऊन सकाळी टांगणं काही दिवस जमतं, मग एक दिवस विसरायला होतं. त्यापेक्षा बर्फ वितळलं, अस्वलाची पहिली बातमी कानावर आली, की फीडर धुऊन, वाळवून गराजमध्ये ठेवा. उरलेले कारळे हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाका. डब्यावर मोठ्या अक्षरात 'पक्ष्यांचे' असं लिहा, नाहीतर आई आल्या की चटणी होईल.